बिडाच्या गावातून खाडीच्या चिखलात

पहिला दिवस : कोल्हापूर

भाची सकाळच्या गाडीनं उतरली ती थेट कारखान्यावरच आली. सामान म्हणजे ॲक्रिलिकचे दीड-दीड फुटाचे चार पाइप, रबरी बुचं, एक बारीक चाळणी आणि कपड्यांची छोटी पिशवी. "मामा, आधी तुमची भट्टी बघू, मग माझा चिखल बघायला चला," म्हणाली.

ती समुद्राच्या गाळावर पीएच.डी. करते. तळाच्या गाळात बिळं करून राहणारे जीव आणि त्यांच्यामुळं तिथल्या लोखंडाचं काय होतं, हा तिचा विषय. तीन वर्षं फोनवर ऐकत होतो, पण खरं सांगायचं तर मनात काही उतरत नव्हतं. माझी सगळी उमर ओतकामात गेली. लोखंड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, येतं, साचा येतो, लेथवरची किस येते. चिखलातही लोखंड असतं आणि तिथंही त्याचं काम चालू असतं, हे मी ह्या चार दिवसांत शिकलो, म्हणून हे लिहून ठेवतोय.

त्या दिवशी आमच्याकडं ओतायचा वार होता. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव ह्या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या फौंड्रीत रोज रस निघतोच. पोरगी लांब उभी राहून साच्यात पडणारी धार बघत होती. ओतून झाल्यावर मात्र ती कास्टिंगकडं गेली नाही. कोपऱ्यात रनर-रायझरचा, म्हणजे साच्यात रस भरायच्या वाटांत गोठून उरलेल्या जादा लोखंडाचा, ढीग असतो, तिथं जाऊन उभी राहिली.

"ह्याचं काय करता?"

"परत भट्टीत. हे कधी वाया जात नाही."

"एकच लोखंड असं किती वेळा भट्टीत जात असेल?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. रायझर त्याच आठवड्यात परत येतो. पंपाची बॉडी होऊन गेलेलं बीड वीस-पंचवीस वर्षांनी भंगारातून परत येतं. पण आकडा कसा सांगायचा?

तिनं तिचा आकडा सांगितला. डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतच्या गाळाचा डोनाल्ड कॅनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, १९९३ मध्ये तो छापून आला. त्यांच्या हिशोबानं लोखंडाचा एकेक अणू कायमचा गाडला जाण्याआधी १०० ते ३०० वेळा गंजतो आणि पुन्हा विरघळतो.

"तीनशे वेळा? आणि भट्टी कुठली?"

"भट्टी नाही मामा. जिवाणू आहेत, आणि त्यांना माल पोचवणारे किडे आहेत. परवा दाखवते."

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर गेलो. नदी पायऱ्यांच्या खाली गेलेली, देवळं मोकळी. २०१९ चा पूर पाहिलेल्या माणसाला हा घाट असा शांत दिसला की अजून थोडं अवघडल्यासारखंच होतं. एका देवळाच्या कोनाड्यात पुराचा गाळ वाळून बसला होता. तिनं त्याचा तुकडा हातावर चुरला. तांबूस. आपल्या काळ्या दगडात दहा टक्क्यांच्या वर लोहाचं ऑक्साइड असतं. दगड झिजला, पावसात धुतला गेला की ते गंज होऊन सुटतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ते प्रयाग चिखलीला आणतात, तिथून पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत घालते आणि कृष्णा पार आंध्रात हंसलदेवीला बंगालच्या उपसागरात.

"म्हणजे कोल्हापूरचं लोखंड पूर्वेच्या समुद्रात जातं," मी म्हणालो.

"पोचलं तर. वाटेत धरणं आहेत, बंधारे आहेत, बरंच तिथंच बसतं. म्हणून आपण उद्या डोंगराच्या पलीकडं जायचं. तिकडं पाण्याला समुद्र जवळ आहे."

दुसरा दिवस : गगनबावडा, मग खाली

सकाळी सातला निघालो. बालिंगा ओलांडलं की दोन्ही बाजूंनी ऊस. तोडी चालू होत्या, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्ता अडवून. कळ्याच्या पुढं एका गुऱ्हाळावर थांबून ताजी काकवी घेतली. काहिलीवरची मळी काढणारा माणूस बघून मला भट्टीवरचा स्लॅग, म्हणजे रसावरची मळी, काढणारा आठवला. हात फिरवायची लकब तीच.

असळजच्या पुढं भाताची खाचरं लागतात. भात कधीच कापून झालेलं, पण एका झऱ्याच्या तोंडचं खाचर अजून ओलं होतं. भाचीनं गाडी थांबवायला लावली आणि धसकटाचा एक बुंधा उपटून मुळं पाण्यात खळबळली. मुळांवर तांबूस लेप होता, गंजलेल्या तारेवर असतो तसा. आसपासचा चिखल मात्र राखाडी.

"भाताचं मूळ पानातून प्राणवायू खाली घेतं आणि थोडा बाहेर सोडतं. चिखलातलं विरघळलेलं लोखंड त्या प्राणवायूला भेटलं की जागच्या जागी गंजतं आणि मुळावर बसतं. समुद्राच्या तळाला हेच काम बिळं करतात."

बांधावर वैरण बांधत असलेल्या बाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तांबडी मुळी चांगलीच की. काळी पडली म्हंजी भात गेलं. वास मारतंय तवा." भाची एकदम वळली. काळं पडणं म्हणजे लोखंड गंधकाला जाऊन मिळणं, आणि तो वास गंधकाच्या वायूचा. तोवर तिनं मला हे चारदा सांगितलं असेल. त्या मावशींच्या दोन वाक्यांत ते पहिल्यांदा कळलं.

गगनबावड्याला गगनगडाच्या पायथ्याशी उभं राहिलं की पाण्याची वाटणी डोळ्यांनी दिसते. ह्या बाजूला पडलेला थेंब कुंभीतून हजार किलोमीटरच्या वर चालून बंगालच्या उपसागराला जायचा. चार पावलं पलीकडं पडलेला घाट उतरून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या अरबी समुद्राला. पायाखाली जांभा. तो कसा होतो हेही तिथंच कळलं. लाखो वर्षं इतका पाऊस कोसळला की काळ्या दगडातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं, मागं उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. आम्ही लोक खाणीतून आणलेलं लोखंड वापरतो आणि इथं सगळं डोंगरमाथं लोखंडाच्या गंजावर बसलंय, हे इतक्या वेळा इथं येऊन कधी मनात आलं नव्हतं.

करूळ घाट उतरून तळेऱ्याला जेवलो आणि विजयदुर्गच्या रस्त्याला लागलो. वाटेत चिऱ्याच्या खाणी, लाल धूळ, जांभ्याचे सपाट सडे. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी पोचलो. घरमालकांना भरतीचं विचारलं तर त्यांनी तिथीवरून चटकन हिशोब केला आणि म्हणाले, "सकाळी सुकती आसा, तेवा जावा." सुकती म्हणजे ओहोटी.

तिसरा दिवस : वाघोटनची खाडी

सकाळी साडेसातला खाडीवर. पाणी मागं सरलेलं, तिवरांच्या पुढं चिखलाचं मोकळं मैदान चमकत होतं. लांबून ते अगदी निर्जीव दिसतं. दहा पावलं आत जाऊन गप्प उभं राहिलं की दोन मिनिटांत बिळाबिळातून खेकडे वर येतात. एक नांगी अंगाएवढी मोठी आणि दुसरी चिमटीएवढी, असे नर ती मोठी नांगी वर-खाली हलवत उभे. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या रचलेल्या. बाजूच्या डबक्यात निवट्या उड्या मारत होत्या.

माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि तो उपसून काढताना खालचा चिखल वर आला. वर तपकिरी, खाली डांबरासारखा काळा, आणि सडक्या अंड्याचा वास. "हे बघायलाच आलोय," म्हणून भाचीनं पाइप दाबायला घेतला. हळूहळू फिरवत आत, वर बूच, मग ओढून काढायचा. साच्याच्या ओल्या वाळूतून (ग्रीन सँड) नमुना काढावा तशीच पद्धत, मला लगेच जमली.

पाइप उन्हात धरला. वरची जेमतेम बोटाच्या पेरापेक्षाही पातळ पट्टी गंजाच्या रंगाची. खाली राखाडी. त्याखाली काळा. तिनं समजावलं ते माझ्या भाषेत असं:

पाण्यातला प्राणवायू अशा चिखलात काही मिलिमीटरच शिरतो, कारण वरचे जिवाणू तो लगेच संपवतात. त्याखालच्या जिवाणूंना अन्न जाळायला दुसरं काहीतरी लागतं. काही जिवाणू त्यासाठी गंज वापरतात. आपण प्राणवायूवर श्वास घेतो, ते गंजावर घेतात. असा एक जिवाणू, जिओबॅक्टर, अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना १९८७ मध्ये सापडला. त्यांनी वापरलेला गंज विरघळतो आणि चिखलातल्या पाण्यात येतो.

"म्हणजे लोखंड तयार होतं?" मी विचारलं. भट्टीवरचा माणूस, मला तेच सुचणार.

"धातू होत नाही. तेवढी मजल जात नाही. गंजातलं लोखंड फक्त एक इलेक्ट्रॉन घेतं आणि विरघळण्याजोगं होतं. पण तेवढंही तुमच्याकडं करायचं तर किती उष्णता लागते? इथं ते ह्या थंड चिखलात होतं."

अजून खाली गंज संपतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून तो सडका वायू होतो, विषारी. विरघळलेलं लोखंड त्याला धरतं आणि त्याचा काळा सल्फाइड करून टाकतं. पुढं त्याचा पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, होतो आणि तो गाडला जातो. नुसतं एवढंच असतं तर लोखंड वरून एकदा यायचं, खाली जायचं आणि काही वर्षांत सगळं काळं होऊन संपायचं. आमच्या रायझरला परत भट्टीत नेणारा माणूसच नसल्यासारखं.

मग तिनं दुसरा पाइप काढला आणि त्यात मला हवं ते दिसलं. काळ्या भागात, वरून चांगलं वीतभर खाली, पेन्सिलीच्या जाडीचं एक बीळ होतं आणि त्याच्या भोवती नारिंगी कडं. सगळीकडं काळोख आणि मध्येच हा गंजाचा नळ. आत नेरीसच्या जातीचा एक वलयी किडा, गांडुळासारखा पण दोन्ही बाजूंनी बारीक पाय असलेला.

तो अंग लाटेसारखं हलवून बिळातून पाणी खेळवतो, स्वतःच्या श्वासासाठी. त्या पाण्याबरोबर प्राणवायू खाली उतरतो. बिळाच्या भिंतीशी विरघळलेलं लोखंड येतं, प्राणवायूला भेटतं, गंजतं. काळा सल्फाइडसुद्धा तिथं पुन्हा गंजतो. किडा बीळ सोडून गेला, बीळ ढासळलं की तो गंज पुन्हा जिवाणूंच्या हाती. ते विरघळवतात, शेजारच्या नव्या बिळाच्या भिंतीवर तो पुन्हा गंजतो. शिवाय चिखल खाणारे आणि उकरणारे जीव वरचा गंज खाली आणि खालचा काळा माल वर करत असतातच. जगभरच्या गाळात ही कालवाकालव सरासरी १० सेंटीमीटरच्या आसपास खोल जाते. १०० ते ३०० चा आकडा कुठून आला ते त्या नारिंगी कड्याकडं बघताना कळलं. मी तो पाइप बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही.

जरा लांब एक आजोबा चिखलात मुळे, म्हणजे खायचे शिंपले, शोधत होते, हाताला लागला की पाठीच्या टोपलीत. आमच्या पाइपाकडं बघून ते म्हणाले, जिथं बिळं दाट तिथला चिखल वास मारत नाही, आणि मुळेही तिथंच बरे मिळतात. भाचीनं ते वहीत लिहून घेतलं. मला त्याचं फार बरं वाटलं.

एक शंका मी काढली. किड्यांनी इतकं खेळवलं म्हणजे लोखंड जास्तच जोरात फिरत असणार, जितके किडे तितकं बरं. तसं सरळ नाही, असं ती म्हणाली, आणि तिच्या कामाचा खरा पेच इथंच आहे. कालवाकालवीनं गंज खाली जातो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं, फिरणं वाढतं. पण पाणी खेळवण्यामुळं खालचं विरघळलेलं लोखंड चिखलातून बाहेरही धुतलं जातं, म्हणजे फिरायला उरतंच कमी. एकच किडा दोन्ही कामं करतो आणि ती एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. बाहेर निघालेल्या लोखंडाचं पुढं काय होईल ते वरच्या पाण्यात प्राणवायू किती आहे त्यावर. भरपूर असला तर ते गंजून लगेच खाली बसतं. कमी असला तर दूर जाऊ शकतं.

आणि दूर जाणं महत्त्वाचं, कारण मोकळ्या महासागरात लोखंडाची चणचण आहे. तिथल्या लिटरभर पाण्यात मायक्रोग्रॅमचा दहावा भागसुद्धा लोखंड नसतं. दक्षिण महासागरात बाकीची खतं भरपूर असूनही लोखंडाअभावी सूक्ष्म वनस्पती पुरेशा वाढत नाहीत. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी पोलरस्टर्न जहाजावरून तिथल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचं सल्फेट सोडून पाहिलं होतं. वाढ झाली, पण बेताची. पाण्यात सूक्ष्म वनस्पतींना कवचासाठी लागणारी सिलिका कमी होती आणि जे वाढलं ते बारीक कवचधारी जीवांनी खाऊन टाकलं. माणसानं जहाजातून नेऊन टाकायचं ते किनाऱ्याजवळचा गाळ आपोआप, न थांबता पुरवत असतो. चिखलाच्या त्या मैदानाकडं बघायची माझी नजर तिथं बदलली.

पाणी चढायला लागलं. परतताना तिनं समोर समुद्राकडं हात केला. ह्याच अरबी समुद्रात साधारण १५० ते १२०० मीटर खोलीत पाण्याचा एक जाड थर आहे, त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. तो थर जिथं उताराला टेकतो तिथं काही ठिकाणी बिळं करणारे जीव जगूच शकत नाहीत. मग गाळ कुणी ढवळत नाही आणि वर्षावर्षाचे पातळ थर वहीच्या पानांसारखे एकावर एक तसेच राहतात. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर असे गाळ प्रसिद्ध आहेत. साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वी बिळं करणारे जीव आले, त्याआधी सगळ्या समुद्रांचा तळ काहीसा असाच होता म्हणे. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे सह्याद्री व्हायच्या कितीतरी आधीपासून किडे लोखंड फिरवत होते.

दुपारी तिनं अजून एक गोष्ट सांगितली. डोंगरावरून नदीबरोबर आलेलं लोखंड अगदी बारीक कणांत तरंगत येतं. गोड्या पाण्याला खारं पाणी भेटलं की ते कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बहुतेक सगळे खाडीतच बसतात. म्हणून हा चिखल. काल ज्या जांभ्यावर आम्ही उभे होतो त्याचा गंज इथं येऊन किड्यांच्या हाती पडतो.

चौथा दिवस : परत

फोंडा घाटानं राधानगरीवरून आलो. गाडीत वीस लिटरचा खाडीच्या पाण्याचा कॅन आणि रुंद तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या, मांडीवर धरून. दोन्हींत उघड्या मैदानातला, चाळून एकजीव केलेला चिखल. एकीत चार किडे सोडलेले, दुसरीत एकही नाही. वळणावळणाला मी बरण्या धरून बसलो. दाजीपूरच्या जंगलाकडं ह्या खेपेला लक्ष गेलं नाही.

रंकाळ्याजवळच्या दुकानातून माशांच्या टाकीचे दोन पंप घेतले. कारखान्याच्या ऑफिसात, उत्तरेच्या खिडकीत बरण्या मांडल्या. रात्रीच्या गाडीनं भाची गेली. जाताना बजावलं, पाणी आटलं तर वरून साधं गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडून जात नाही.

त्यानंतर : खिडकीतल्या बरण्या

दोन दिवस दोन्ही सारख्याच दिसल्या, वर तपकिरी साय आणि खाली राखाडी. पाचव्या दिवशी बिनकिड्याच्या बरणीत खाली काळे डाग धरले. किड्यांच्या बरणीत काचेला टेकून एक बीळ तयार झालं होतं, इंग्रजी यू अक्षरासारखं, आणि त्याच्या कडेनं नारिंगी रेघ उमटायला लागली होती.

आमचा कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा ठोकळा) बनवणारा मिस्त्री चहाला आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, कोअर काढल्यावर पोकळी ऱ्हाते तसंच हाय की. वरनं पेंट मारल्यागत." खरंच तसं होतं. त्याला भट्टीची आणि किड्याची सगळी हकीकत सांगितली. आता तो रोज सकाळी हजेरीच्या आधी ऑफिसात डोकावतो.

नवव्या दिवशी मी व्हर्नियर काचेला लावून कडं मोजलं. बिळाच्या भिंतीपासून २ मिलिमीटर. दुसऱ्या बरणीत सायीखाली सगळं काळं, आणि झाकणाजवळ नाक नेलं की तो वास. फोटो पाठवला. भाचीचा लगेच फोन आला. आनंद झाला होता, पण आवाजात काळजी होती.

"मामा, बरण्या खिडकीत आहेत का? उजेडानं काचेवर शेवाळ धरेल. ते प्राणवायू सोडतं, मग कडं किड्यामुळं आलं की शेवाळामुळं ते कळायचं नाही. बाहेरून काळा कागद लावा. बघायच्या वेळी तेवढा काढायचा."

उजेड मी विचारात घेतला नव्हता. लगेच स्टेशनरीच्या दुकानात माणूस पाठवला. दोन्ही बरण्यांना काळा कागद गुंडाळला, त्यावर तारीख लिहिली, आणि नवं बीळ कुठं पडतंय ते बघायला आता दर चौथ्या दिवशीच कागद काढायचा ठरवला.